अवधाण, आणि अँटीबॉडीची पकड

लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत मंगळवेढ्याजवळच्या आमच्या गावी पायात बाभळीचा काटा मोडला होता. आजीने सुईने काढला, पण दोन-तीन दिवसांनी जांघेत सुपारीएवढी गाठ आली, चालताना दुखायची, आणि माझ्या तर पोटात गोळाच आला. आजीने हात लावून बघितलं आणि म्हणाली, अवधाण आलंय, पायाचं बरं झालं की जाईल. आणि खरंच गेलं.

पुढे मायक्रोबायोलॉजी शिकताना एकदा मायक्रोस्कोपखाली लिम्फ नोडची, म्हणजे अशाच गाठीची, स्लाइड बघितली. जांभळ्या ठिपक्यांची दाट गर्दी, आणि त्या गर्दीत मधेमधे फिकट गोल, त्याच्या कडेने गडद रिंगण. सर म्हणाले हे जर्मिनल सेंटर. १८८० च्या दशकात वाल्थर फ्लेमिंग नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने (पेनिसिलिनवाला नव्हे, हा वेगळा) ते पहिल्यांदा नीट वर्णन करून ठेवलं आणि त्याला वाटलं की लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) इथेच जन्माला येतात. तसं नव्हतं. पण त्या फिकट गोलात जे चालतं ते मला अजूनही शरीरातली सगळ्यात थक्क करणारी गोष्ट वाटते, आणि अवधाण म्हणून आजी ज्या गाठीला हात लावायची तिथेच ते चालतं. इतकी वर्षं लिहायचं म्हणत होते, आता निमित्त झालं.

निमित्त म्हणजे माझी चुलतबहीण. प्रेग्नन्सीचा दहावा आठवडा चालू होता, डॉक्टरांनी टॉर्च पॅनेल (बाळाला धोका करू शकणाऱ्या इन्फेक्शनची रक्ततपासणी) करायला सांगितलं आणि रिपोर्टमध्ये टॉक्सोप्लाझ्माच्या आयजीजी (नंतर येऊन टिकणारी अँटीबॉडी) पॉझिटिव्ह, आयजीएम (सुरुवातीला येणारी) पण थोडी पॉझिटिव्ह. रात्री साडेदहाला फोन, ताई तू लॅबमध्ये आहेस ना, सांग ना याचा अर्थ काय, नेटवर वाचून माझे हातपाय गळालेत. टॉक्सोप्लाझ्मा हा एक परजीवी, मांजरीच्या विष्ठेतून मातीत येतो, नीट न धुतलेल्या भाजीतून, कच्च्या राहिलेल्या मटणातून पोटात जाऊ शकतो. आयुष्यात आधी कधी होऊन गेला असेल तर बाळाला सहसा काही धोका नाही, पण पहिल्यांदाच प्रेग्नन्सीमध्ये झाला तर बाळाच्या डोळ्यांना, मेंदूला इजा होऊ शकते. म्हणजे सगळा प्रश्न झाला की नाही हा नसून कधी झाला हा आहे. आणि आयजीएम त्यात गोंधळ घालते, कारण टॉक्सोच्या बाबतीत ती कधीकधी वर्षभरसुद्धा रक्तात रेंगाळते.

तिच्या डॉक्टर बाई हुशार. त्यांनी लगेच आयजीजी अ‍ॅव्हिडिटी (अँटीबॉडीची पकड मोजणारी टेस्ट) करायला सांगितली.

ही टेस्ट मी स्वतः कितीतरी वेळा लावली आहे आणि दर वेळी मला ती आवडते, कारण कल्पना इतकी साधी आहे. प्लेटच्या वेलमध्ये, म्हणजे छोट्या खड्ड्यात, तळाला टॉक्सोचे अँटिजेन (जंतूचा जो भाग अँटीबॉडी धरते तो) चिकटवलेले असतात. पेशंटचं सीरम दोन वेलमध्ये घालायचं. अँटीबॉडी जाऊन अँटिजेनला धरतात. मग एक वेल साध्या बफरने धुवायचा आणि दुसरा युरियाच्या कडक द्रावणाने, हो, युरिया, शेतात टाकतात तोच, फक्त शुद्ध केलेला. युरियाने पकड ढिली होते. ज्या अँटीबॉडीने सैल धरलंय ती निघून वाहून जाते आणि जिने घट्ट धरलंय ती तशीच राहते. मग दोन्ही वेलचा रंग मोजायचा आणि किती उरल्या त्याचं गुणोत्तर काढायचं. बास. जास्त उरल्या तर हाय अ‍ॅव्हिडिटी, म्हणजे इन्फेक्शन साधारण चार महिन्यांपेक्षा जुनं. कमी उरल्या तर मात्र नवीनच असं छातीठोकपणे म्हणता येत नाही कारण काही जणांची पकड खूप दिवस सैलच राहते, पण घट्ट पकड असेल तर नवीन नाही हे सांगता येतं, आणि दहाव्या आठवड्यात एवढंच कळलं तरी पुरे असतं.

तिची हाय आली. फोनवर रडली, मग थोड्या वेळाने विचारलं, पण ताई, अँटीबॉडीच्या पकडीवरून वय कसं काय कळतं?

तर तेच सांगते.

जंतू पहिल्यांदा शरीरात येतो तेव्हा त्याच्यासाठी खास मापाची अँटीबॉडी आपल्याकडे तयार नसते. बी-सेल, म्हणजे अँटीबॉडी बनवणारी पेशी, जन्माला येतानाच जीन्सचे तुकडे वेगवेगळे जोडून प्रत्येकीची अँटीबॉडी वेगळी बनते (हे १९७६ मध्ये सुसुमु टोनेगावाने दाखवलं, १९८७ चं नोबेल त्यालाच), त्यामुळे कोट्यवधी प्रकार असतात आणि त्यातल्या काही थोड्याफार जमतात. अँटीबॉडीचं टोक म्हणजे बोटांसारखे सहा लूप समजा, तीन हेवी चेनचे आणि तीन लाइट चेनचे, आणि ती बोटं अँटिजेनच्या खाचाखोचांवर बसतात. पहिल्या खेपेची बोटं कशीबशी बसतात. म्हणून शरीर सुरुवातीला आयजीएम काढतं, पाच अँटीबॉडी एकत्र बांधल्यासारखी, दहा हात. एकेक हात कमजोर पण दहा हातांनी धरलं की सुटत नाही. इथे दोन शब्दांची गल्लत होते ती सांगून टाकते, एका हाताची पकड म्हणजे अ‍ॅफिनिटी आणि सगळ्या हातांची मिळून अ‍ॅव्हिडिटी.

आणि मग दिवस जातात तशी एकेका हाताची पकडच वाढत जाते. हे पहिल्यांदा नीट मोजलं १९६४ मध्ये, सेंट लुईसच्या वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीतल्या हर्मन आयझेनने ग्रेगरी सिस्किंडबरोबर. त्यांनी सशांना डीएनपी नावाचं छोटंसं रसायन प्रोटीनला जोडून टोचलं आणि आठवड्यामागून आठवडे त्यांच्या रक्तातल्या अँटीबॉडी त्या डीएनपीला किती घट्ट धरतात ते बघितलं. पकड वाढत गेली. आणि एक गंमत, ज्या सशांना डोस कमी दिला त्यांच्यात पकड जास्त वाढली. अँटिजेन भरपूर असेल तर सैल हातालाही मिळतं, कमी असेल तर ज्याचा हात घट्ट त्यालाच मिळतं. कारण काय ते तेव्हा कोणाला दाखवता आलं नव्हतं पण उत्तर त्या डोसमध्येच दडलेलं होतं.

आता त्या फिकट गोलात जाऊ. इन्फेक्शन किंवा लस झाल्यावर साधारण आठवड्याभरात जवळच्या लिम्फ नोडमध्ये जर्मिनल सेंटर उभं राहायला लागतं. त्याचे दोन भाग, डार्क झोन आणि लाइट झोन. डार्क झोनमध्ये बी-सेल अक्षरशः भराभर वाढतात, सहा ते बारा तासांत एकीच्या दोन, आणि वाढताना स्वतःच्या अँटीबॉडीच्या जीनमध्ये मुद्दाम चुका करतात. मुद्दाम! बाकी सगळ्या शरीरात डीएनएची एक चूक होऊ नये म्हणून केवढा बंदोबस्त असतो, आणि इथे चुका करण्यासाठी एक खास एन्झाइम ठेवलंय. त्याचं नाव एड. क्योटोमध्ये तासुकू होंजोच्या लॅबने १९९९ मध्ये शोधलं आणि पुढच्या वर्षी ते काय करतं ते दाखवलं. (होंजोला नोबेल मिळालं २०१८ मध्ये पण ते कॅन्सरवरच्या पीडी-वनच्या कामासाठी, या कामासाठी नाही, आणि मला वाटतं याच्यासाठी पण द्यायला हवं होतं.) एड डीएनएमधल्या सी या अक्षराचं यू करून टाकतं. यू हे डीएनएमध्ये असायचंच नाही, मग दुरुस्तीवाली यंत्रणा धावते आणि दुरुस्त करता करता भलतंच अक्षर बसवते. हजार अक्षरांमागे साधारण एक बदल, दर विभाजनाला. नेहमीच्या चुकांच्या दराच्या सुमारे दहा लाख पट. अँटीबॉडीच्या टोकाचा जीन दोन्ही चेन मिळून सातशेच्या आसपास अक्षरांचा, म्हणजे एक-दोन विभाजनांत प्रत्येकीच्या बोटांत काही ना काही बदललेलं असतं.

बहुतेक बदल वाया जातात. काहींची अँटीबॉडी घडीच पडत नाही, काहींची पकड आधीपेक्षा सैल होते, बऱ्याच बदलांनी काहीच फरक पडत नाही. थोड्या, फार थोड्या, आधीपेक्षा घट्ट धरणाऱ्या निघतात. आणि चूक करणाऱ्या पेशीला स्वतःला कळत नाही की आपली चूक चांगली का वाईट, म्हणून परीक्षा घ्यायला लाइट झोन.

लाइट झोनमध्ये फॉलिक्युलर डेंड्रायटिक सेल नावाच्या फांद्या पसरलेल्या पेशी असतात आणि त्यांच्या अंगावर अँटिजेन आठवडेच्या आठवडे जसाच्या तसा लटकत असतो. बी-सेल येते, आपल्या नव्या बोटांनी तो धरते आणि खेचून घेते. खरंच खेचते, फांदीला लागलेलं बोर ओढल्यासारखं. पकड घट्ट असेल तर जास्त अँटिजेन हाती लागतो, मग तो आत नेऊन त्याचे तुकडे करून बाहेर टी-सेलला (बी-सेलला मदत करणाऱ्या पेशीला) दाखवायचे. तिथे टी-सेल कमी, बी-सेल जास्त. जिच्याकडे दाखवायला जास्त तुकडे तिला टी-सेलची मदत जास्त, आणि जिला मदत जास्त ती परत डार्क झोनमध्ये जाऊन जास्त वेळा विभागते, आणि परत चुका, परत परीक्षा. जिला मदत नाही ती मरते. उंदरांवरच्या कामात असं दिसलंय की दर सहा तासांनी जर्मिनल सेंटरमधल्या जवळपास निम्म्या बी-सेल मरू शकतात. निम्म्या! तिथे मॅक्रोफेज पेशी असतात ज्यांच्या पोटात मेलेल्या बी-सेलचे गडद तुकडे दिसतात, स्लाइडवर मी ते बघितले होते पण तेव्हा नुसते ठिपके वाटले होते.

आजी ज्वारी काढताना शिवारात फिरून चांगली भरलेली, टपोऱ्या दाण्यांची कणसं वेगळी काढायची, ती पुढच्या पेरणीचं बियाणं, आढ्याला बांधून ठेवायची. बाकीची खायला. हे तसंच आहे पण वर्षाचा हंगाम दोन दिवसांत उरकून, आणि बियाण्यात दर पेरणीला मुद्दाम बदल करून.

अजून एक. या सगळ्यात तयार झालेल्या चांगल्या अँटीबॉडी रक्तात जातात आणि फिरून तिथेच येऊन लटकलेल्या अँटिजेनवर बसतात. म्हणजे नव्या बी-सेलला अँटिजेन ओढून काढायचा तर आपल्याच आधीच्या पिढीच्या हातून तो सोडवायला लागतो. पास व्हायचे मार्क आपोआप वाढत जातात. काही आठवड्यांत पकड शंभर पट, कधी हजार पट होते. आणि ती वाढते ती बहुतेक धरल्यावर सोडण्याच्या वेळेत, अँटिजेन भेटायला लागणारा वेळ काही फार कमी होऊ शकत नाही, पण एकदा धरलं की किती वेळ सोडायचं नाही यात खूप वाव असतो. त्यालाही मर्यादा आहे मात्र, एका हद्दीपलीकडे अजून घट्ट असण्याचा बी-सेलला काही फायदा उरत नाही, तिला तुकडे ओढायला जेवढं लागतं तेवढं झालेलंच असतं.

१९९१ मध्ये जेकब, केल्सो, रायेव्स्की आणि वाइस यांनी उंदरांच्या प्लीहेतून एकेक जर्मिनल सेंटर कोरून काढून आतल्या बी-सेलचे जीन वाचले आणि एकाच घराण्यातल्या बी-सेलमध्ये एकावर एक साचत गेलेले बदल दाखवले. आयझेनच्या सशांपासून सत्तावीस वर्षं लागली.

तर बहिणीच्या प्रश्नाचं उत्तर हे. युरियात टिकलेली पकड म्हणजे कित्येक आठवड्यांची ही निवड होऊन गेलेली आहे. ती चार दिवसांत येऊच शकत नाही.

हे कळलं की लसींच्या तारखांकडे बघायची नजर बदलते. हेपटायटिस बी चा मोठ्यांचा कोर्स शून्य, एक आणि सहा महिने, तो शेवटचा पाच महिन्यांचा गॅप लोकांना डॉक्टरची सोय वाटते. तो गाठींना लागणारा वेळ आहे. मे २०२१ मध्ये कोविशील्डचा गॅप बारा ते सोळा आठवडे केला तेव्हा आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर रोज भांडणं व्हायची. लसींचा तुटवडा होता हे खरंच, पण त्याआधी आलेल्या ट्रायलच्या आकड्यांत सहा आठवड्यांपेक्षा कमी गॅपला ५५ टक्के आणि बारा किंवा जास्त आठवड्यांना ८१ टक्के संरक्षण दिसलं होतं. आणि त्याच वर्षी लोक लॅबमध्ये येऊन अँटीबॉडी टेस्ट करायचे आणि दोन महिन्यांनी आकडा कमी आला की हवालदिल व्हायचे. मी जमेल तेवढ्यांना समजवायचे की काका, तो आकडा किती आहेत ते सांगतो, कशा आहेत ते नाही सांगत. रक्तातला आकडा उतरत असताना मेमरी बी-सेलच्या (जंतूची आठवण ठेवून राहणाऱ्या बी-सेलच्या) अँटीबॉडी सुधारतच होत्या, इन्फेक्शननंतर सहा महिन्यांनी त्यात आधीपेक्षा जास्त बदल साचलेले आणि बदललेल्या व्हायरसलाही धरण्याची ताकद जास्त, असं न्यूयॉर्कच्या मिशेल नुसेन्झवाइगच्या ग्रुपने दाखवलं. आणि जिथे आयझेनने ससे टोचले त्याच वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीत अली एलेबेडीच्या टीमने फायझरची लस घेतलेल्या लोकांच्या काखेतल्या गाठीतून सुईने पेशी काढून बघितल्या, तर जर्मिनल सेंटर बारा आठवडे चालू, काहींमध्ये तर सहा महिन्यांनीही. लस घेतल्यावर काखेत गाठ आली म्हणून घाबरलेल्या कितीतरी बायका मी बघितल्या. त्यांना अवधाण हा शब्द सांगितला की गावाकडच्या बायकांचा चेहरा लगेच सैल व्हायचा.

टायफॉइडचं उदाहरण तर मला फारच आवडतं कारण ते आपल्या इथलं आहे. टायफॉइडची जुनी इंजेक्शनवाली लस म्हणजे जंतूवरचं साखरेचं आवरण, नुसतं. आता टी-सेल प्रोटीनचे तुकडे ओळखते, साखर तिला ओळखता येत नाही. म्हणजे बी-सेलने कितीही साखर ओढून आणली तरी दाखवायला काही नाही, मदत नाही, नीटसं जर्मिनल सेंटर नाही, पकड वाढत नाही, परत डोस दिला तरी उपयोग वाढत नाही आणि दोन वर्षांखालच्या मुलांना तर ती लस चालतच नाही. ज्यांना जास्त गरज त्यांनाच नाही. मग साखरेला धनुर्वाताच्या लसीतलं प्रोटीन जोडलं. बी-सेल साखर धरून ओढते, तिच्याबरोबर प्रोटीन आपसूक आत येतं, आणि टी-सेलला ती ते प्रोटीन दाखवते. टी-सेल मदत करते प्रोटीन बघून आणि पकड सुधारते साखरेवरची! हैदराबादच्या भारत बायोटेकने बनवलेली ही कॉन्जुगेट लस २०१८ मध्ये नवी मुंबई महानगरपालिकेने नऊ महिने ते चौदा वर्षांच्या मुलांना मोहीम काढून दिली, सरकारी यंत्रणेतून अशी मोहीम जगात पहिल्यांदा तिथे झाली. आपल्याकडे याची चर्चा फारच कमी झाली याचं मला वाईट वाटतं.

आणि सर्पदंशाचं औषध. नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांचं विष अगदी थोडं थोडं करत, वाढवत वाढवत महिनोन्‌महिने घोड्यांना टोचतात आणि मग त्यांच्या रक्तातून अँटीबॉडी काढतात, आपल्या हाफकिनने वर्षानुवर्षं हे केलंय. शेतात फुरसं चावलेला माणूस ग्रामीण रुग्णालयात वाचतो तेव्हा त्या घोड्याच्या गाठींनी आधीच महिनोन्‌महिने निवड करून ठेवलेली असते, त्याच्या स्वतःच्या शरीराला तेवढा वेळ मिळालाच नसता.

याची किंमतही आहे. एड चुकून दुसऱ्याच जीनवर गेलं तर? जातं कधीकधी. लिम्फोमाचे (लिम्फोसाइटच्या कॅन्सरचे) बरेच प्रकार जर्मिनल सेंटरमधून गेलेल्या बी-सेलचेच असतात, बर्किट लिम्फोमात तर मिक नावाचा वाढीचा जीन तुटून अँटीबॉडीच्या जीनशेजारी येऊन बसलेला असतो. आणि एड जन्मतःच नसलेली मुलं असतात, त्यांच्याकडे आयजीएम भरपूर पण पुढे काहीच नाही, ना आयजीजी ना पकड, सारखी इन्फेक्शनं होत राहतात. दोन्ही बाजू बघितल्या की हे सगळं किती बारीक तोलावर चाललंय ते कळतं.

आता बहिणीला आठवा महिना लागलाय. परवा परत विचारत होती की कधी झालं असेल गं टॉक्सो. ते सांगता येत नाही, चार महिन्यांपेक्षा जुनं एवढंच टेस्ट सांगते. लहानपणी सुट्टीला ती पण गावीच असायची, कणगीजवळ मांजरी व्यायच्या आणि आम्ही दोघी मातीत बसून त्यांच्या पिल्लांशी खेळायचो, तेव्हाचंही असेल, नसेलही.

मी तिला म्हटलं, तुझ्या बी-सेलमधले हे बदल बाळाला वारशाने मिळत नाहीत, ते तुझ्या गाठींत झाले, ते बीजात जात नाहीत. पण तयार झालेली आयजीजी नाळेतून जाते, सगळ्यात जास्त या शेवटच्या तीन महिन्यांतच जाते, इतकी की जन्माच्या वेळी बाळाच्या रक्तात बऱ्याचदा आईपेक्षा जास्त असते. टॉक्सोची जाईल, गोवराची जाईल, लहानपणापासून जे जे झालं, जे जे टोचून घेतलं त्या सगळ्याची, निवडून झालेली. ती साधारण तीन आठवड्यांत निम्मी होत जाते म्हणून काही महिनेच पुरते. तोवर दीड महिन्याला पेंटाव्हॅलंटचा पहिला डोस मांडीत बसेल, आणि बाळाच्या जांघेतल्या गाठीत जर्मिनल सेंटर उभं राहायला लागेल. अडीच महिन्याला दुसरा, साडेतीनला तिसरा. तारखा तिने आत्ताच कॅलेंडरवर लिहून ठेवल्यात, पेन्सिलने.